सही करण्याआधी: शाळेतला कॉम्प्युटर आणि घरातला फोन

भाताची कापणी उरकली, झोडणीही बहुतेकींची होत आली असेल. तेव्हा आज जरा निवांत बोलू या.

मागच्या आठवड्यात दिघाशीला बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्त्यांचा हिशेब झाला, चहा झाला, आणि उठता उठता एका वहिनींनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. म्हणाल्या, "ताई, पोरीच्या शाळेतून आलाय. कॉम्प्युटर आणि इंटरनेट वापरायला पालकांची परवानगी पाहिजे म्हणे. सही मी करते हो, पण कशावर करते ते तरी सांगा."

कागद एका पानाचा होता. माझी पाल्या शाळेतील संगणक व इंटरनेटचा वापर जबाबदारीने करील, नियम मोडल्यास शाळा योग्य ती कारवाई करील, खाली पालकांची सही. नियम सात-आठ होते, पण "जबाबदारीने" म्हणजे काय ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आपण रेशनच्या फॉर्मवर, कर्जाच्या कागदावर विचारून सही करायला शिकलो. मग या कागदावरही विचारूनच करू या.

त्यातला पहिला नियम होता, पासवर्ड कोणाला सांगू नये. साधा वाटतो ना? एका शाळेत घडलेली गोष्ट सांगते, शाळेचं नाव घेत नाही. आठवीतल्या एका मुलीने कॉम्प्युटरच्या तासाला आपला ईमेल उघडला. घंटा झाली तशी ती उठून बाहेर पळाली, बंद केलाच नाही. मागून कोणीतरी त्या जागेवर बसलं आणि तिच्या नावाने एका सरांना घाणेरडा मजकूर पाठवला. दुसऱ्या दिवशी मुलीला ऑफिसात उभं केलं. आईला बोलावलं. आई गोडाऊनमधला दिवस बुडवून आली आणि तिथेच पोरीच्या कानाखाली वाजवली. पंधरा दिवस ती मुलगी शाळेत गेली नाही. मग एका बाईंच्या लक्षात आलं की मजकुरावर वेळ पडलेली आहे, सव्वाबाराची. त्या वेळी ही मुलगी खाली मैदानावर खो-खो खेळत होती. अख्ख्या वर्गाने पाहिलं होतं.

कॉम्प्युटरला माणूस ओळखू येत नाही, खातं ओळखू येतं. ज्याचं खातं उघडं, त्याच्या नावावर सगळं जमा. म्हणून उठताना खिडकी बंद करून भागत नाही. "लॉग आउट" करायचं. आपण घराला नुसती कडी घालत नाही, कुलूप लावतो, तसं. आणि कॉम्प्युटर विचारतो ना, "पासवर्ड लक्षात ठेवू का?", तिथे शाळेच्या मशीनवर नेहमी "नाही" म्हणायचं. पासवर्डही मुलीचं नाव आणि जन्मसाल असा नको, तो तर अख्खा वर्ग ओळखतो. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द जोडले की लक्षात राहतो आणि दुसऱ्याला सुचत नाही. (मी एका ठिकाणी फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेला पासवर्ड पाहिला आहे. त्याच्या शेजारी सुविचार होता.)

ज्याने तो मजकूर पाठवला त्याच्या मते ती गंमत होती. पण माहिती तंत्रज्ञान कायदा, सन 2000चा, त्यातलं कलम 66सी सांगतं की दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अठराच्या आतलं मूल असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, तुरुंगात नाही. तरी मुलग्यांच्या आयांनो, हे घरी मुलग्याला बसवून सांगा. नेहमी मुलींनाच जपायला सांगतो आपण.

हीच गोष्ट झेरॉक्सच्या दुकानाची. अंबाडीला किंवा भिवंडीला आपण आधारकार्डाची प्रिंट काढायला जातो. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर आपलं व्हॉट्सॲप उघडतो आणि पैसे देऊन निघतो. ते तिथे उघडंच राहतं. फोनमधल्या व्हॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" नावाची जागा आहे. आज घरी गेल्यावर पाहा. तिथे अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर त्यावर बोट ठेवून लॉग आउट करा.

आता घरातल्या फोनकडे येते. 2020च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास फोनवर आला. शाळा उघडल्या, पण गृहपाठाचा ग्रुप काही गेला नाही. म्हणजे ज्या फोनवर पोर गणित सोडवतं त्याच फोनवर तुमचं बँकेचं खातं. पैसे पाठवायचा पिन मुलांना सांगू नका. विश्वास नाही म्हणून नव्हे, तर मुलाला गोड बोलून विचारणारा कोणीही असू शकतो म्हणून. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, फक्त देण्यासाठी लागतो, एवढं एक वाक्य लेकरांना पाठ करून घ्या. तरी पैसे गेलेच तर रडत बसू नका, 1930 या नंबरवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ते पैसे पुढे जाण्याआधी गोठवण्याची शक्यता जास्त.

त्या कागदावर एक नियम होता, "खोटी माहिती पसरवू नये". वहिनी म्हणाल्या, पोरं कसली माहिती पसरवणार? मग मी त्यांना राईनपाड्याची आठवण करून दिली. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाडा आहे. 2018च्या जुलैची पहिली तारीख, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे मेसेज त्या दिवसांत फोनफोनवर फिरत होते. सोलापूरकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागून पोट भरणारे, तिथे आले होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. पाचही जणांना. टोळी वगैरे काही नव्हती.

ते मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत किती आया असतील, सांगा. काळजीनेच पाठवले असतील. "खरं असो नसो, सावध राहिलेलं बरं," हे आपलं नेहमीचं वाक्य. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं बंधन घातलं. पण पाच जणींनी पाच-पाचांना पाठवला की पंचवीस होतात. मुलांना विचारायला शिकवा: हे कधीचं आहे, कुठलं आहे, पोलिसांनी किंवा वर्तमानपत्राने सांगितलंय का? उत्तर नसेल तर तो मेसेज तिथेच थांबवायचा.

आता दुसरी बाजू. जबाबदारीने म्हणजे तोंड बंद ठेवून, असं कोणी सांगत असेल तर मला ते पटत नाही. 2012च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे गेले. त्यानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर आपलं मत लिहिलं. तिच्या मैत्रिणीने ते फक्त "लाइक" केलं. दोघींना अटक झाली. पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. पुढे खटला मिटवला गेला, आणि कायद्याच्या ज्या कलमावरून असं धरपकड करणं सोपं झालं होतं ते 66ए कलम सुप्रीम कोर्टाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं. मत लिहिणं वेगळं, कोणाच्या नावाने खोटं लिहिणं वेगळं. हा फरक मुलींना समजावून सांगा, नाहीतर त्या घाबरून दोन्ही सोडतील.

आणि घाबरवण्याचं काम आपल्या घरात फार होतं. असर नावाचं ग्रामीण शिक्षणाचं सर्वेक्षण असतं, 2024 सालचं पाहिलं. चौदा ते सोळा वर्षांच्या ज्या मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांच्यातल्या साधारण 36 टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन आहे, मुलींमध्ये 27 टक्के. मुलींना फोन आधीच कमी मिळतो. त्यात काही घडलं, कोणी घाण फोटो पाठवला, कोणी फोटो बदलून धमकी दिली, तर घरात पहिली गोष्ट होते ती फोन काढून घेणं. दुसरी, शाळा बंद. तिसरी तुम्हाला माहीत आहे, स्थळं बघणं. मग मुलगी सांगेल कशी? ती गप्प राहते, आणि धमकावणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

म्हणून आजच, काही घडायच्या आधी, तिला शब्द द्या: "तू सांगितलंस म्हणून तुझी शाळा बंद होणार नाही." घडलंच तर मेसेज पुसू नका. राग येतो, पुसावंसं वाटतं, पण तोच पुरावा आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग त्या माणसाला ब्लॉक करा. पैसे किंवा आणखी फोटो अजिबात देऊ नका. मुलांसाठी 1098 नंबर आहे, दिवसरात्र. सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांसंबंधीच्या अश्लील मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते.

फोटोंवरून आठवलं. जबाबदारी मुलांचीच का? मुलीचा फोटो, जन्मतारीख, आधार नंबर असलेली यादी शाळेच्या दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकली जाते, तेव्हा नियम कोणी मोडला? वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023चा कायदा अठराच्या आतल्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती मागतो. आपणही वाढदिवसाला गणवेशातला फोटो टाकतो, त्यावर शाळेचं नाव वाचता येतं, तेही थांबवू या.

गृहपाठाचं एका वाक्यात सांगते. आता प्रश्न विचारला की यंत्र अख्खा निबंध लिहून देतं, तेव्हा मुलाला एवढंच म्हणा, "वाचून नको दाखवू, वही मिटून मला सांग." सांगता आलं तर शिकलं.

हे सगळं विचारायचं कुठे? शाळा व्यवस्थापन समितीत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या या समितीत पाऊण सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. रजिस्टरवर आपली नावं असतात, बैठकीला जातात मात्र घरातले पुरुष. या वेळी तुम्ही जा. कॉम्प्युटरच्या खोलीत तासाला कोण थांबतं, प्रत्येक मुलाला वेगळं लॉगिन आहे का, आणि मुलीला काही सांगायचं झालं तर तिने कोणत्या बाईंकडे जायचं, हे तिथे विचारा.

त्या वहिनींनी सही केली. पण सहीच्या खाली मुलीकडून दोन ओळी लिहून घेतल्या: "माझ्या मुलीबद्दल तक्रार आली तर आधी तिचं ऐकून घ्यावं. तिचा फोटो मला विचारल्याशिवाय कुठे टाकू नये." कागद सोमवारी शाळेत गेला. उत्तर आलं की पुढच्या भेटीत सांगते. तोवर नंबर लिहून घ्या, 1930 आणि 1098. फोनमध्ये नको, फोनच हरवला तर? चुलीवरच्या भिंतीला लिहा.