कोळसा सुरगाण्याचा, रेघ कोणाची?

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकऱ्यांचा लाँग मार्च चालत गेला. सुरगाणा तालुक्यातील आदिवासी स्त्री-पुरुष त्यात मोठ्या संख्येने होते. वर्तमानपत्रांनी त्यांच्या रक्ताळलेल्या पायांची छायाचित्रे छापली, ते योग्यच झाले. पण कॅमेऱ्याला फक्त पाय दिसले. वाटेत उघड्यावर झोपलेल्या त्या माणसांना कसली स्वप्ने पडली असतील, हे कोण दाखवणार?

ते ॲनिमेशन दाखवू शकते. ॲनिमेशन म्हणजे पोरांची कार्टून, हा समज आपण सोडला पाहिजे. जगभर अनेक कलावंत एकेकटे बसून कागद, कोळसा, कात्रणे, छायाचित्रे आणि मोडक्या वस्तू यांतून पाच-दहा मिनिटांचे लघुपट बनवतात. त्यात डोंगर चालतो, भांडे रडते, मेलेला माणूस उठून साक्ष देतो.

दक्षिण आफ्रिकेतील विल्यम केंट्रिज हा असाच एक कलावंत. तो कोळशाने चित्र काढतो, कॅमेऱ्याने टिपतो, थोडे पुसतो आणि त्याच कागदावर पुन्हा काढतो. कोळसा पूर्ण पुसला जात नाही, मागची खूण उरतेच. १९९४ च्या त्याच्या 'फेलिक्स इन एक्झाइल' या लघुपटात नंदी नावाची कृष्णवर्णीय स्त्री जमिनीची मोजणी करते. गोळ्या खाऊन पडलेल्या माणसांवर वर्तमानपत्रांची पाने येऊन पडतात आणि प्रेते हळूहळू जमिनीत विरून जातात. वर्णद्वेषी राजवटीने माणसे कशी पुसली, हे सांगायला तेथे भाषणाची गरज उरत नाही.

ही कला नाशिक जिल्ह्याला परकी नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. त्यात काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या होत्या. पुढे मुंबईच्या गीतांजली राव यांनी 'प्रिंटेड रेनबो' हा पंधरा मिनिटांचा लघुपट जवळजवळ एकटीने रंगवला. एकाकी म्हातारी काड्यापेटीवरच्या चित्रात शिरते आणि तिचे करडे जग रंगीत होते. २००६ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक विभागात त्याला तीन पुरस्कार मिळाले. दोघांच्याही हाती होती ती काड्यापेटीच, आणि ती तर प्रत्येक झोपडीत असते!

सुरगाणा, पेठ, जव्हार, मोखाड्याच्या पट्ट्यात बोहाडा होतो. रात्री उजेडात मुखवटे घालून सोंगे नाचतात. माणसाचा देव होतो, देवाचा राक्षस होतो. शहरातले पंडित ज्याला अतिवास्तववाद म्हणतात, ते येथील म्हाताऱ्याकोताऱ्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. आणि येथले रोजचे जगणे तरी काय कमी अजब आहे? पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, नार आणि पार नद्या गुजरातकडे वाहून जातात आणि उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन कोरड्या विहिरीत उतरतात. उद्या एखाद्या पोरीने हंडाच एकटा डोंगर उतरताना दाखवला, तर त्याला कोण खोटे म्हणेल?

मुद्दा एवढाच आहे की, हे कोण दाखवणार? केंट्रिज प्रामाणिक कलावंत आहे, पण गोरा आहे. नंदी चित्र काढते, तेही त्याच्या हातून. वारली चित्रे आज हॉटेलांच्या भिंतीवर आणि साड्यांच्या पदरावर दिसतात. चित्र प्रतिष्ठित झाले, पण चित्रातला माणूस होता तेथेच राहिला. आपले दुःख दुसऱ्याने कितीही कळवळ्याने रंगवले तरी ते त्याचे चित्र असते. दलित साहित्याने हे आपल्याला शिकवले आहे. ते आता पडद्यावरही आणले पाहिजे.

अवघड काय आहे? सेकंदाला बारा चित्रे धरली तर दहा सेकंदांना एकशे वीस लागतात. आश्रमशाळेच्या वर्गातल्या चाळीस मुलांनी प्रत्येकी तीन चित्रे काढली की काम झाले! चुलीतला कोळसा फुकट आहे, कॅमेरा मोबाइलमध्ये आहे. जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर जे पैसे उधळले जातात, त्यातल्या थोड्या पैशांत एखादे शिबिर सहज भरेल. कार्यकर्त्यांनी तेथे भाषण करू नये. मुलांच्या हाती कोळसा द्यावा आणि ती काय काढतात ते गप्प बसून पाहावे.