पोट लहान झाले, ताटाचे काय?

गेल्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेची गोष्ट. वडगाव मावळजवळच्या एका विहारात वंदना झाली आणि खीरदान सुरू झाले. आमच्यातल्या एका ताईंनी वाटी पुढे केली नाही. "घ्या हो ताई, सुजाताची खीर आहे, नाही म्हणू नये," असा आग्रह चौघींनी केला. आग्रह मोडवेना म्हणून त्यांनी वाटीभर खीर खाल्ली. पंधरा-वीस मिनिटांत त्यांना दरदरून घाम फुटला, छातीत धडधडू लागले आणि त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. आम्ही रिक्षा बोलवायला धावलो. त्यांनीच आम्हाला थांबवले. "घाबरू नका. तीन वर्षांपूर्वी पुण्यात माझे वजनाचे ऑपरेशन झाले आहे. गोड जास्त झाले की असे होते," त्या म्हणाल्या.

ही गोष्ट त्यांनी आजवर कोणालाच सांगितली नव्हती. लोक हसतील, म्हणतील, 'हिला व्यायाम करायला नको, पैसे देऊन बारीक झाली.' पतसंस्थेचे कर्ज काढून केलेले ऑपरेशन त्यांनी पित्ताच्या खड्यांचे म्हणून सांगितले होते. पहिल्या वर्षी ३४ किलो वजन उतरले, साखर आटोक्यात आली. नंतरच्या दोन वर्षांत त्यातले ११ किलो परत आले. ते का आले आणि मग आम्ही मिळून काय केले, हे सांगण्यासाठी या महिन्याचे आरोग्य पान आहे.

शस्त्रक्रिया काय करते

लठ्ठपणा हा आळसाचा गुन्हा नाही, तो आजार आहे. अनुवंश, हार्मोन, झोप, ताण, काही औषधे आणि बदललेले राहणीमान या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले. म्हणजे दर चार माणसांत जवळजवळ एक.

वजनासाठी केल्या जाणाऱ्या बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेचे दोन प्रकार आपल्याकडे जास्त होतात. पहिला स्लीव्ह. यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी नळी ठेवतात. दुसरा गॅस्ट्रिक बायपास. यात जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत थोड्या अन्नाने पोट भरते, शिवाय भुकेची सूचना देणारी हार्मोन्सही बदलतात. बऱ्याच रुग्णांचा मधुमेह आणि रक्तदाब सुधारतो. बायपासनंतर, कधी कधी स्लीव्हनंतरही, गोड पदार्थ वेगाने आतड्यात उतरला की घाम, धडधड, जुलाब, चक्कर असा त्रास होतो. त्याला डम्पिंग म्हणतात. त्या ताईंना झाले ते हेच.

उंची-वजनाचे गणित घरीच करता येते. वजन किलोत घ्या आणि मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. १.५५ मीटर उंची आणि ९५ किलो वजन असेल तर उत्तर साधारण ३९.५ येते. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. सर्जन साधारणतः ३५ च्या पुढे, आणि मधुमेहासारखा आजार असेल तर त्याहून कमी आकड्यावरही शस्त्रक्रियेचा विचार करतात. ज्यांचे चार-सहा किलो वाढले आहेत त्यांच्यासाठी हा मार्ग नाही.

वजन परत का येते

स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले. पंधरा वर्षांनी ही घट २७ टक्के उरली होती. म्हणजे शस्त्रक्रियेचा उपयोग खरा आणि टिकाऊ आहे, पण काही वजन परत येते. कोणाचे थोडे येते, कोणाचे बरेच.

कारण सोपे आहे. पहिले वर्ष-दीड वर्ष भूकच कमी लागते, त्यामुळे काही न करताही काटा खाली येतो. पुढे भूक हळूहळू परत येते. लहान पोटात भाकरी-भाजी थोडीच मावते, पण चहा-बिस्किट, फरसाण, चिक्की, सरबत दिवसभर थोडेथोडे सहज सरकते. आमच्या ताई सकाळी साडेपाचला कंपनीच्या बसने तळेगावच्या एमआयडीसीत जातात. नाश्ता नाही, दिवसाला सहा साखरेचे चहा, येताना लोणावळ्याहून पाहुण्यांनी आणलेल्या चिक्कीचा एक तुकडा. जेवण कमीच होते, तरी वजन वाढले.

म्हणून ते पहिले दीड वर्ष म्हणजे सवयी लावून घेण्याची मुदत समजावी. आणि शक्य तर सवयी शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू कराव्यात.

दवाखान्याचा कागद आणि आपली चूल

ताईंना दवाखान्यातून आहाराचा कागद मिळाला होता. तो इंग्रजीत होता. त्यात ओट्स, ब्रोकोली, ग्रीक योगर्ट असे लिहिलेले. तो कपाटात गेला तो तिथेच राहिला. पौर्णिमेनंतरच्या रविवारी आम्ही सात-आठ जण तो घेऊन विहारात बसलो आणि आपल्या चुलीच्या भाषेत उतरवला. मग आहारतज्ज्ञांकडून तपासून घेतला. त्याचे सार असे:

पहिले साधारण दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ: मुगाचे गाळलेले कढण, पातळ ताक, दूध. पुढचे दोन आठवडे घोटलेले: घोटलेले वरण, दही, कुस्करलेले अंडे. मग मऊ पदार्थ, आणि दोनेक महिन्यांनी नेहमीचे जेवण. दवाखान्यागणिक हे दिवस थोडे मागेपुढे होतात. आपल्या डॉक्टरांचे वेळापत्रक पाळावे.

नेहमीच्या जेवणात आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी भात-भाकरी. दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिने लागतात. ती कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, केस गळतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात किंवा उसळीत ६-७ ग्रॅम, शिजवलेल्या १०० ग्रॅम कोंबडीत २५ ग्रॅम, तेवढ्याच पनीरमध्ये १८ ग्रॅम प्रथिने असतात. दोन अंडी, दोन वाट्या मटकी किंवा हुलग्याची उसळ, मासे किंवा चिकनचे चार तुकडे आणि वाटीभर दही एवढ्यात हिशोब जवळजवळ पुरा होतो. त्यासाठी महागड्या पावडरीच्या डब्याची प्रत्येकाला गरज नसते.

भाताचे काय, हा मावळात हमखास येणारा प्रश्न. इंद्रायणी तांदूळ वडगावच्याच भात संशोधन केंद्रात तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांना मिळाला. तो आपला अभिमान आहे. पण हा चिकट भात शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला पोटात अडकल्यासारखा होतो. नंतरही तो दोन-चार घासच, वरणात कालवून, चावून खावा.

जेवताना पाणी पिऊ नये. अर्ध्या तासाने प्यावे. दिवसभर घोटघोट करून दीड ते दोन लिटर पाणी जायला हवे. सोडा, शीतपेये बंद. दारू तर नकोच. पंचशीलातले पाचवे शील आपण घेतलेच आहे, त्यात या पोटातून दारू फार वेगाने चढते. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा जन्मभर घ्याव्या लागतात. 'आता बरे वाटते' म्हणून त्या सोडणाऱ्यांना दोन-तीन वर्षांनी रक्तक्षय, हातापायांना मुंग्या, हाडांची दुखणी गाठतात.

पाय आपलेच आहेत

आपल्या आज्या डोक्यावर पाटी घेऊन डोंगरवाटेने कामशेतच्या बाजाराला जात. भातलावणीत दिवसभर कमरेत वाकत. आता कित्येकांच्या जमिनी बंगल्यांखाली गेल्या, त्याच बंगल्यांवर आपण राखणदारी करतो, आणि वाण्याकडेही दुचाकीवरून जातो. अंगमेहनत गेली, पण खाण्याची भांडी तीच राहिली.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर लवकरच रुग्णाला चालवतात, त्यामुळे पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका घटतो. पुढे रोज पाच-पाच मिनिटे वाढवत आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, हे किमान ध्येय. वजन टिकवायचे असेल तर याहून जास्त लागते. चार ते सहा आठवडे जड उचलू नये. त्यानंतर डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून उठबस, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे असे ताकदीचे व्यायाम करावेत. लोणावळ्यात १९२४ पासून कैवल्यधाम आहे, योगाची परंपरा दारातच आहे. पण कपालभाती, नौली यांसारखे पोटावर ताण देणारे प्रकार सर्जनच्या संमतीशिवाय करू नयेत.

आमचा गट आता दर रविवारी पहाटे निघतो. सुरुवात मळवली स्टेशन ते भाजे गावापर्यंत झाली. तीन महिन्यांनी लेण्यांपर्यंत चढलो. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू ज्या चैत्यात बसले तिथे दहा मिनिटे आनापान करतो आणि उतरतो. कार्ल्याच्या सुमारे साडेतीनशे पायऱ्या ताईंनी दिवाळीच्या सुट्टीत चार थांबे घेत पूर्ण केल्या. पावसाळ्यात आपल्याकडे चार महिने धो-धो कोसळतो, घाट धुक्यात जातो. तेव्हा विहाराच्या सभागृहात फेऱ्या मारतो. चंक्रमण ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही.

आग्रह नावाचा आजार

आता अवघड बोलायचे आहे. आपल्या आधीच्या पिढ्यांनी भूक पाहिली. शिळे तुकडे, मागून आणलेली भाकर, दुष्काळात उकडलेला पाला त्यांनी खाल्ला. बाबासाहेबांमुळे शिक्षण, नोकरी आणि भरले ताट आले. म्हणून आपल्याकडे पोटभर वाढणे हा मान आहे, माया आहे. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, लग्नात 'आणखी एक जिलेबी' म्हणणारी मावशी वाईट नाही. तिच्या हातामागे तीन पिढ्यांची भूक उभी आहे. पण त्याच हाताने आपण आज मधुमेह वाढतो आहोत. मधुमेहाने बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत किती जर्जर केले, हे आपण जाणतो.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी भेटतो. तो द्रोणभर भात खाऊन धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला हिणवले नाही, उपासही सांगितला नाही. प्रमाण ओळखून खाण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि जेवताना रोज म्हणायला सांगितले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि अंग हलके झाले. यालाच पालीत भोजने मत्तञ्ञुता म्हणतात. राजाला एकट्याला जमले नाही. ताटाजवळ आठवण देणारा माणूस लागला. शस्त्रक्रिया झालेल्यालाही घरात असा सुदस्सन लागतो. आपण मात्र बहुतेकदा वाढपी होतो.

उपोसथाला अष्टशील घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी दुपारनंतर न खाण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

निर्णयापूर्वी आणि नंतर

आरोग्य विम्यात ही शस्त्रक्रिया सरसकट बसत नाही. विमा नियामकाच्या नियमांनुसार वय १८ किंवा त्याहून जास्त, निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक, किंवा ३५ सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया, आटोक्यात न येणारा मधुमेह असे आजार, आणि आधीचे साधे उपाय निष्फळ ठरलेले असावे लागतात. म्हणून आहार-व्यायामाच्या प्रयत्नांच्या नोंदी, केसपेपर जपून ठेवा. देहूरोड, तळेगावच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांनी आपल्या आरोग्य योजनेत पूर्वपरवानगीची चौकशी करावी. कर्ज काढताना ऑपरेशनबरोबर गोळ्या आणि रक्ततपासण्यांचा पुढच्या वर्षांचा खर्चही धरावा.

घरी आल्यावर ताप, पोटात वाढती कळ, नाडी जोरात, दम लागणे, पोटरीला सूज, काळी शौच किंवा सततच्या उलट्या असे काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून स्वतः घेऊ नका, त्यांनी जठरात व्रण होऊ शकतो. स्त्रियांनी १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी.

ताईंचे परत आलेल्या ११ किलोंपैकी सहा वर्षभरात उतरले. बाकीचे उतरतील किंवा नाहीही. त्यांची साखर मात्र आटोक्यात आहे आणि ऑपरेशन लपवणे त्यांनी सोडले आहे. यंदा बुद्धपौर्णिमेला खिरीच्या पातेल्याशेजारी आम्ही उकडलेले हरभरे आणि ताकाची घागर ठेवली. वाढायला ताईच उभ्या होत्या. कोणी 'पुरे' म्हटले की त्या पळी खाली ठेवत. तुमच्या विहारातही एवढे करून पाहा.

जय भीम!