द्वारकेचे दगडी नांगर

कृष्ण गेला आणि समुद्राने द्वारका गिळली, ही महाभारताच्या मौसलपर्वातली कथा. ती ऐकत वाढलेल्या आपल्या मनात, गुजरातच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली घडीव दगड सापडले म्हटलं की अख्खी सुवर्णनगरी उभी राहते. तिथे खरोखर काय सापडलं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

या शोधात पहिली कुदळ पुणेकरांनी मारली. १९६३ मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या पुढाकाराने द्वारकाधीश मंदिराजवळ उत्खनन झालं. तिथली सर्वांत जुनी वस्ती इसवी सनाच्या आगेमागेची निघाली. पुढे लोथलचे उत्खननकर्ते डॉ. एस. आर. राव यांनी मंदिराच्या आवारात खोदलं, तेव्हा जुन्या मंदिरांचे अवशेष मिळाले. मग १९८३ पासून गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या पथकासह ते थेट पाण्यात उतरले.

तळाशी घडीव दगडी चिरे होते आणि शंभराहून अधिक दगडी नांगर. माझ्या मते नांगरांचं महत्त्व जास्त. त्रिकोणी शिळेला वर एक भोक, त्यातून दोर ओवायचा. खाली दोन भोकं, त्यांत लाकडी दांडे ठोकायचे, म्हणजे ते वाळूत रुततात. जड शिळेचा हा नांगर एकदा कपारीत अडकला की दोर कापून निघून जाण्यावाचून खलाशाला गत्यंतर नसे. एवढे नांगर एका जागी पडले आहेत, याचा अर्थ या बंदरात मोठी गलबतं ये-जा करत होती.

अडचण काळाची आहे. जमिनीवर थरावर थर असतात, थरातल्या खापरांवरून काळ सांगता येतो. लाटांनी घुसळलेल्या तळावर थर टिकत नाहीत आणि अशा घडणीचे नांगर कितीतरी शतकं वापरात होते. राव यांनी हे अवशेष इसवी सनापूर्वी पंधराशेच्या आसपासचे मानले. त्याच संस्थेतल्या पुढच्या अभ्यासकांना, ए. एस. गौर आणि सुंदरेश यांना, ते बरेच अलीकडच्या बंदराचे वाटले. मला हे दुसरं मत अधिक पटतं. द्वारकेजवळच्या बेट द्वारका या बेटाची गोष्ट वेगळी. तिथे उत्तर हडप्पाकालीन वस्तीच्या खुणा आहेत, तीन तोंडांच्या प्राण्याची शंखाची मुद्रा आहे आणि रोमन मद्यकुंभांची खापरंही. हजारो वर्षांच्या दर्यावर्दी व्यवहाराचा हा पुरावा आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पाणबुडे पुन्हा द्वारकेच्या समुद्रात उतरले. ‘कृष्णाची नगरी सापडली’ असा मथळा दिसला, तर बातमी पुढे पाठवण्याआधी एवढंच शोधा: काळ कशावरून ठरवला आणि ती वस्तू नेमकी कुठून वर आली?