अनेक सेवा, एक प्रवेशद्वार : रिव्हर्स प्रॉक्सीची उपयुक्तता

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर हे राजधानीचे शहर झाले. पुढील काही वर्षांत या राज्याने हमीभावाने होणारी धान खरेदी व सार्वजनिक वितरण व्यवस्था यांच्या संगणकीकरणात देशाचे लक्ष वेधून घेतले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साहाय्याने २००७ च्या सुमारास हे काम मार्गी लागले. २०१२ मध्ये रायपूर शहरात 'कोअर पीडीएस' ही व्यवस्था सुरू झाली. शिधापत्रिकाधारकाला आपल्या पसंतीच्या दुकानातून धान्य घेता यावे, हा तिचा उद्देश होता. त्यासाठी दुकानातील यंत्राने मध्यवर्ती सर्व्हरशी तत्क्षणी संपर्क साधणे आवश्यक होते. सर्व्हरने उत्तर दिले नाही, तर रांगेतील माणसाला धान्याविना परतावे लागण्याचा धोका अशा प्रत्येक व्यवस्थेत असतो.

धान खरेदीचा व्यापही मोठा आहे. २०२४-२५ च्या हंगामात राज्यातील २५ लाखांहून अधिक शेतकऱ्यांकडून सुमारे १४९ लाख टन धान खरेदी करण्यात आले. दोन हजारांहून अधिक केंद्रांवरील हे काम अवघ्या काही आठवड्यांत आटोपावे लागते. शेतकऱ्यांची नोंदणी, टोकन, वजनाची नोंद, बँक खात्यात रक्कम जमा करणे अशी कामे वेगवेगळी असली, तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने सरकार एकच असते. अनेक ॲप्लिकेशन्सना एकच विश्वासार्ह प्रवेशद्वार देण्याचे जे तंत्र जगभर वापरले जाते, त्यास रिव्हर्स प्रॉक्सी असे म्हणतात.

आवक-जावक कक्षाचे उदाहरण

कोणत्याही शासकीय कार्यालयात नागरिक आपला अर्ज आवक-जावक कक्षात देतो. तेथील लिपिक अर्ज पाहून तो संबंधित शाखेकडे पाठवितो आणि शाखेचे उत्तर नागरिकास देतो. शाखा कोणत्या मजल्यावर आहे, तेथे किती कर्मचारी आहेत, हे नागरिकास माहीत असण्याचे कारण नसते. रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून मांडलेला वेब सर्व्हर नेमके हेच काम करतो. साधी प्रॉक्सी वापरकर्त्याच्या वतीने बाहेरील जगाशी बोलते. रिव्हर्स प्रॉक्सी मात्र आतील सर्व्हरच्या वतीने बाहेरून येणाऱ्यांशी बोलते. 'रिव्हर्स' हा शब्द त्यामुळेच आला.

१९९५ पासून प्रचलित असलेला अपाचे आणि २००४ मध्ये इगोर सिसोएव यांनी सर्वांसाठी खुला केलेला एन्जिनएक्स हे दोन्ही वेब सर्व्हर या कामासाठी वापरता येतात. दोन्ही मुक्त स्रोत असल्याने परवाना शुल्काचा भार पडत नाही.

मांडणी कशी करावी?

प्रथम संकेतस्थळाचे नाव प्रवेशद्वारावरील सर्व्हरच्या पत्त्याशी जोडले जाते. त्यानंतर कोणती विनंती कोणाकडे पाठवावयाची, याचे नियम लिहिले जातात. नोंदणीच्या पत्त्यावर आलेली विनंती एका ॲप्लिकेशनकडे, तर शिधापत्रिकेच्या पत्त्यावरील विनंती दुसऱ्याकडे जाते. एकच ॲप्लिकेशन तीन यंत्रांवर चालविले असेल, तर काम तिघांत वाटले जाते आणि एक यंत्र बंद पडल्यास उरलेली दोन ते सांभाळतात. हंगामातील गर्दीच्या दिवसांत नवे यंत्र जोडणे अथवा जुने दुरुस्तीसाठी काढणे नागरिकांच्या नकळत साधते. संदेश गुप्त ठेवणारे डिजिटल प्रमाणपत्रही प्रत्येक ॲप्लिकेशनवर स्वतंत्रपणे न बसविता प्रवेशद्वारावर बसविता येते व त्याच्या नूतनीकरणाची जबाबदारी एके ठिकाणी राहते.

मात्र पुढील दरवाजा भक्कम करून मागचा उघडा ठेवल्यास उपयोग नाही. आतील ॲप्लिकेशन्सनी केवळ प्रवेशद्वाराकडून आलेल्या विनंत्या स्वीकाराव्यात, अशी फायरवॉलची व्यवस्था असणे अनिवार्य आहे. अपाचेमध्ये साध्या प्रॉक्सीची सुविधा बंदच ठेवावी. रिव्हर्स प्रॉक्सीसाठी तिची गरज नसते आणि ती अनिर्बंध सुरू राहिल्यास कोणीही परका आपल्या सर्व्हरआडून अन्यत्र उपद्रव करू शकतो.

दक्षतेचे मुद्दे

प्रवेशद्वार मध्ये आल्यामुळे आतील ॲप्लिकेशनला प्रत्येक विनंती प्रॉक्सीच्याच पत्त्यावरून आल्यासारखी दिसते. म्हणून मूळ वापरकर्त्याचा पत्ता विनंतीसोबत आत पाठविण्याची सूचना द्यावी लागते. अन्यथा गैरव्यवहाराची चौकशी करताना नोंदवहीत एकच पत्ता लाखो वेळा सापडेल. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाच्या, म्हणजेच सर्ट-इनच्या, एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे. त्या नोंदी उपयोगी पडावयाच्या, तर त्या खऱ्या असल्या पाहिजेत.

वारंवार मागितली जाणारी चित्रे व माहितीपत्रके प्रवेशद्वारावरच साठवून ठेवल्यास आतील भार हलका होतो. परंतु शेतकऱ्याचे खाते अथवा कुटुंबाची शिधापत्रिका दाखविणारी पाने कदापि अशी साठवू नयेत; एकाची माहिती दुसऱ्याच्या पडद्यावर दिसण्याचा धोका त्यात असतो.

लहान वाटणाऱ्या मर्यादाही नागरिकांना अडवू शकतात. एन्जिनएक्समध्ये वेगळी सूचना न दिल्यास १ मेगाबाइटपेक्षा मोठी विनंती नाकारली जाते. स्कॅन केलेला जमिनीचा उतारा त्याहून मोठा असेल, तर अर्ज फेटाळला जातो आणि दोष ॲप्लिकेशनमध्ये शोधला जातो. आतील सर्व्हरच्या उत्तराची वाटही ६० सेकंदच पाहिली जाते. '५०२' हा संदेश आल्यास आतील सर्व्हर बंद पडल्याची किंवा त्याने सदोष उत्तर दिल्याची शक्यता तपासावी. '५०४' आल्यास उत्तर वेळेत आले नाही, असे समजावे. नियमांत बदल केल्यावर ते लागू करण्यापूर्वी तपासून पाहण्याची आज्ञा दोन्ही सर्व्हरमध्ये आहे. ती वापरण्याची शिस्त पाळावी.

सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, एकच द्वार बंद पडले तर सर्वच सेवा ठप्प होतात. त्यामुळे पहिल्याची जागा तत्काळ घेणारे दुसरे प्रवेशद्वार सज्ज असावे आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी त्याची प्रत्यक्ष चाचणी घेतली जावी.

ई-शासनाचे यश केवळ किती सेवा ऑनलाइन झाल्या, यावर मोजता येत नाही. बस्तर किंवा सरगुजातील खरेदी केंद्रावर धान घेऊन आलेल्या शेतकऱ्याचे काम पहिल्याच फेरीत झाले की नाही, हा खरा निकष होय. रायपूर असो वा महाराष्ट्रातील एखादे जिल्हा मुख्यालय, नागरिकाला न दिसणारे हे प्रवेशद्वार काळजीपूर्वक उभारले, तरच त्यामागील सेवा त्याच्यापर्यंत पोहोचतील.