ह्यूस्टनचं पत्र : खुल्या पुस्तकाला एआयचा हात लावताना

अमेरिकेत बारावीपर्यंत सरकारी शाळा मुलांना पुस्तकं वापरायला देते. कॉलेजात पाय ठेवला की हा खर्च मुलाच्या डोक्यावर येतो. जीवशास्त्राचं किंवा अर्थशास्त्राचं एकेक नवं जाडजूड पुस्तक दीडशे-दोनशे डॉलरच्या घरात जातं. काही वर्षांत नवी आवृत्ती निघते आणि जुन्याला गिऱ्हाईक उरत नाही. बालभारतीच्या किमतींची सवय असलेल्या डोंबिवलीकराला हे आकडे पटायचे नाहीत. इथली खुल्या पुस्तकांची चळवळ फोफावली ती या महागाईमुळे.

मी राहतो त्या ह्यूस्टनमध्येच राइस विद्यापीठ आहे. तिथले प्राध्यापक रिचर्ड बारान्युक यांनी १९९९ मध्ये ‘कनेक्शन्स’ हा उपक्रम सुरू केला आणि त्यातून २०१२ मध्ये ‘ओपनस्टॅक्स’ उभं राहिलं. भौतिकशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयांची तज्ज्ञांनी लिहिलेली, तपासलेली पुस्तकं तिथे फुकट वाचता येतात. मला त्याहून मोलाचा वाटतो तो परवाना. त्यांच्या अनेक पुस्तकांवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘सीसी बाय’ परवाना आहे. मूळ लेखकाचं नाव द्या, काय बदललं ते सांगा. मग कापा, जोडा, मराठीत आणा, हवं तर छापून विका.

फुकट आणि खुलं यांतला हा फरक आपल्याकडे फार कमी शिक्षकांना कोणी सांगितला आहे. बालभारतीची पुस्तकं कोणालाही संगणकावर उतरवून घेता येतात, पण आतल्या पानावर सर्व हक्क मंडळाकडे असल्याचं आणि लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नसल्याचं छापलेलं असतं. याउलट प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मुलांच्या गोष्टी खुल्या परवान्याने मिळतात, मराठीतसुद्धा. ठाण्याच्या शिक्षिकेने तिथली गोष्ट घेऊन सोपी केली, तिच्यावर प्रश्न काढले, तर कोणाची परवानगी मागायला नको.

आता यात एआय आलं आहे. खुल्या पुस्तकातलं प्रकरण त्याला द्यायचं आणि सोपा उतारा, प्रश्नपेढी, कृतिपत्रिका मागायची, हे इथल्या शिक्षकांच्या अंगवळणी पडत चाललं आहे. मात्र ओपनस्टॅक्सच्या पुस्तकांखाली आता एक सूचना दिसते : आमच्या परवानगीशिवाय हे पुस्तक एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरू नये किंवा त्याच्या पोटात घालू नये. खुल्या परवान्याशी ही अट कशी जुळते यावर वाद घालता येईल. मला विचाराल तर, ज्यांनी फुकट दिलं त्यांनी एवढं स्पष्ट लिहिल्यावर आधी पत्र टाकून विचारावं.

आमच्या रविवारच्या मराठी शाळेत सरासरी वेगाचा धडा होता. मुलांना आजी-आजोबांचं गाव जवळचं वाटावं म्हणून १६ एप्रिल १८५३ ची पहिली बोरीबंदर-ठाणे गाडी घेतली. एआयने क्षणात उदाहरण मांडलं : अंतर ३४ किलोमीटर, वेळ ५७ मिनिटं, वेग ताशी सुमारे ३६ किलोमीटर. गणित अचूक होतं. पण ही ५७ मिनिटं कुठली, याचा आधार दिला नव्हता. काही ठिकाणी तोच प्रवास सव्वा तासाचा सांगितला आहे आणि तसं धरलं तर वेग ताशी २७ वर येतो. यंत्राने ही तफावत दाखवलीच नाही. आम्ही दोन्ही वेळा छापल्या आणि दोन्ही वेग मुलांकडून काढून घेतले. ‘मग खरं कोणतं?’ हा त्यांचा प्रश्न त्या तासातला सर्वांत चांगला प्रश्न होता.

देश बदलला की हक्कही बदलतात. साने गुरुजींचं निधन १९५० चं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणून २०११ पासून त्यांची १९३५ ची ‘श्यामची आई’ तिथे सर्वांची झाली. अमेरिकेत मात्र तेव्हाच्या पुस्तकाला प्रकाशनापासून ९५ वर्षं मोजतात, म्हणजे २०३० संपेपर्यंत ती इथे संरक्षित आहे. कल्याणची शाळा तिच्यावर बिनधास्त कृतिपुस्तिका काढू शकते, ह्यूस्टनच्या शाळेला थांबावं लागतं. एआयला हे आपण होऊन सुचत नाही, ‘वापरू का?’ असं आपणच विचारावं लागतं आणि उत्तरही पडताळावं लागतं.

क्लासवाल्यांनी आणखी एक पाहावं. ओपनस्टॅक्सचं कॅल्क्युलस व्यापारी वापराला मनाई असलेल्या परवान्यावर आहे. फी घेऊन विकायच्या नोट्समध्ये ते घालू नये. विकिपीडियाचा मजकूर घेऊन बदलला तर तयार झालेलं कामही त्याच परवान्याने खुलं ठेवावं लागतं. एआयकडून वाक्यं बदलून घेतली म्हणून या अटी सुटत नाहीत.

आणि मुलांच्या नावानिशी उत्तरपत्रिका एआयला कधीही देऊ नका. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदींना १९७४ पासून कायद्याचं संरक्षण आहे. भारताच्या २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या शिक्षकांनो, तुमची पुढची कृतिपत्रिका निघेल तेव्हा तिच्या तळाशी मूळ पुस्तक, लेखक, ते कुठे मिळालं आणि परवाना कोणता हे लिहा. एआयची मदत कुठे घेतली आणि कोणी तपासलं तेही लिहा. मूळ परवान्यात बसत असेल तर ती ‘सीसी बाय’ने खुली करा. मराठीत अशी तपासलेली, नावानिशी खुली पानं फार थोडी आहेत आणि इथल्या मराठी शाळांना ती आजच हवी आहेत.