आधी बांध, मग रंग

अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर आक्षी मागे पडलं की नागाव येतं. नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांमधून राहण्या-जेवणाच्या घरगुती सोयी आणि सुरूच्या बनापलीकडे लांबच लांब सपाट किनारा. सुट्टीच्या दिवशी याच पाण्यात मुलं डुंबत असतात आणि याच पाण्यात पॅरासेलिंगच्या, बनाना राइडच्या बोटीही धावत असतात. किनाऱ्यावरच्या झेंड्यांचा अर्थ पाहुण्याला वाडीतून निघतानाच कळायला हवा, असं मला फार वाटतं. त्यासाठी फाटकाजवळ एक रंगीत तक्ता पुरतो. तो करायला चित्रकला यावी लागत नाही. संगणकावर चौकोन आणि वर्तुळ काढून त्यात रंग भरता आला की काम होतं.

या झेंड्यांचे आंतरराष्ट्रीय संकेत आयएसओ २०७१२ या मानकात ठरलेले आहेत. वर लाल आणि खाली पिवळा असा दुरंगी झेंडा म्हणजे जीवरक्षकांची नजर असलेला भाग. नुसता पिवळा म्हणजे जपून. नुसता लाल म्हणजे मोठा धोका, आणि एकावर एक दोन लाल झेंडे म्हणजे पाण्यात उतरायला पूर्ण बंदी. काळ्या-पांढऱ्या चार घरांचा झेंडा असेल तर ते पाणी सर्फबोर्ड आणि बिनयंत्राच्या छोट्या होड्यांसाठी राखलेलं असतं, पोहणाऱ्यांनी तिथून लांब राहायचं. सगळे झेंडे आयताचेच. तेव्हा शिकायला याहून सोपं चित्र मिळणार नाही.

विंडोजमधल्या पेंटमध्येही हे जमेल, पण मी गिम्प सुचवेन. १९९५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतलं. आजही ते फुकट मिळतं आणि जुन्या संगणकावरही बऱ्यापैकी चालतं. नवशिका मात्र पहिल्याच दिवशी अडतो, कारण पेंटमध्ये असतं तसं ‘आयत काढा’ हे बटण शोधत बसतो. गिम्पची रीत वेगळी आहे. इथे आधी जागा आखायची आणि मग त्या जागेत रंग ओतायचा.

नागावच्या माणसाला ही रीत नवी नाही. नारळाला शिंपताना आपण आधी आळं करतो, आळ्याचा बांध नीट घालतो आणि मग पाटाचं पाणी त्यात सोडतो. बांध धड असेल तर पाणी आळ्यातच राहतं, एका जागी जरी फुटला तरी वाडीभर पसरतं. गिम्पमधलं सिलेक्शन म्हणजे हा बांध आणि बकेट फिल म्हणजे पाणी सोडणं.

आता प्रत्यक्ष काम. बारा बाय अठरा इंचांचा तक्ता छापायचा तर इंचाला ३०० ठिपके धरून ३६०० बाय ५४०० पिक्सेलचा कोरा कागद घ्या. ‘आर’ दाबलं की आयताचं हत्यार हाती येतं, ‘ई’ दाबलं की लंबवर्तुळाचं. माऊस दाबून ओढलं की हलणाऱ्या तुटक रेषेची चौकट दिसते. तोच आपला बांध. मापं हातानं जुळवत बसू नका. हत्याराच्या पर्यायांमध्ये जागा आणि आकार यांचे आकडे लिहायची घरं असतात. दुरंगी झेंड्यासाठी रुंदी ९००, उंची ३०० लिहा. लाल रंग निवडा, कंट्रोल आणि स्वल्पविराम एकत्र दाबा, चौकट लाल होईल. मग उभ्या जागेच्या आकड्यात ३०० मिळवा, चौकट तेवढीच खाली सरकेल. आता पिवळा भरा. दोन रंगांमध्ये केसाचीही फट राहत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ शिफ्टच्या कळीचा होतो, म्हणून इथे थोडं थांबतो. ओढायला सुरुवात केल्यावर शिफ्ट दाबली तर आयताचा चौरस आणि लंबवर्तुळाचं अचूक वर्तुळ होतं. पण माऊस दाबण्याआधीच शिफ्ट धरली तर अर्थ साफ बदलतो: आधीच्या चौकटीत नवी चौकट जोडली जाते. कंट्रोलचंही तसंच. आधी धरली तर जागा वजा होते, नंतर दाबली तर आकृती मध्यापासून चारी बाजूंना वाढते. चार घरांचा झेंडा करून पाहिला की हे पक्कं डोक्यात बसतं. ९०० बाय ६०० चा काळा आयत भरा. वरच्या डाव्या कोपऱ्यात ४५० बाय ३०० ची चौकट आखा. मग आधी शिफ्ट धरून समोरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तेवढीच दुसरी चौकट जोडा आणि एकदाच पांढरा भरा. दोन्ही घरं एका दमात होतात.

बंदीची खूणही याच पद्धतीनं होते. लाल वर्तुळ भरा, सिलेक्ट मेनूतून तीच निवड शंभरेक पिक्सेलनं आक्रसा आणि आत पांढरा भरा, लाल कडं तयार. तिरका पट्टा नव्या थरावर, म्हणजे वेगळ्या लेअरवर, आडव्या आयतानं काढा आणि ४५ अंशांनी फिरवा. तो वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे उतरला पाहिजे. वेगळा थर घेतला नाही तर पट्ट्याबरोबर कडंही चिरलं जातं.

बादलीनं रंग ओतताना तो नको तिथे का पसरतो, हे एकदा समजून घेतलं की चिडचिड थांबते. आपण टिचकी मारतो त्या ठिपक्याचा रंग गिम्प पाहतं, मग शेजारचे तशाच रंगाचे ठिपके धरत पुढे सरकतं आणि रंग बदलला की थांबतं. हातानं काढलेल्या रेषेत एक ठिपका जरी मोकळा राहिला तरी रंग तिथून बाहेर पडतो. उलट गोल कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून तिथे फिकट ठिपके मिसळलेले असतात, ते न भरता पांढरी किनार उरते. थ्रेशोल्डचा आकडा थोडा वाढवला की ती भरते, फार वाढवला की रंग रेषाच ओलांडतो. त्यापेक्षा ‘संपूर्ण सिलेक्शन भरा’ हा पर्याय घ्यावा. आणखी एक: पुढे ब्रश उमटेनासा झाला तर समजा, जुनी चौकट कुठेतरी तशीच राहिली आहे. शिफ्ट, कंट्रोल आणि ‘ए’ एकत्र दाबून ती सोडवा.

तक्त्याचे कोपरे गोल करायचे असतील तर आयताच्या पर्यायांमध्ये तीही सोय आहे. तिच्यामागची गोष्ट मला फार आवडते. १९८१ साली ॲपलमध्ये बिल ॲटकिन्सन यांनी वर्तुळं झटपट काढण्याची युक्ती शोधली होती. विषम संख्यांची ओळीनं बेरीज केली की वर्गसंख्या मिळतात, एक आणि तीन चार, त्यात पाच मिळवले की नऊ. या साध्या गणितानं त्यांनी अवघड आकडेमोड टाळली. त्यावर स्टीव्ह जॉब्झ यांनी गोल कोपऱ्यांचे आयत मागितले. त्यांची गरज काय, असं ॲटकिन्सन यांना वाटत होतं. जॉब्झ त्यांना घेऊन बाहेर फिरायला निघाले आणि जागोजागी तसे आयत दाखवत गेले. शेवटी दाखवला तो ‘नो पार्किंग’चा फलक. पुढे १९८४ मध्ये मॅकिंटॉशबरोबर आलेल्या ॲटकिन्सन यांच्या मॅकपेंटमध्ये असे आयत होते आणि रंग ओतण्याची बादलीही.

रस्त्यावर मोठा फ्लेक्स लावायचा असेल तर मात्र गिम्पचा हट्ट नको. ठिपक्यांचं चित्र फार मोठं केलं की कडांना दातरे येतात. त्यासाठी इंकस्केप बरं. तेही फुकट आहे आणि त्यातल्या आकृत्या कितीही ताणा, स्वच्छच राहतात. गिम्पमधली मूळ फाइल एक्ससीएफ स्वरूपात जपून ठेवा, म्हणजे थर सुटे राहतील. छापायला पीएनजी द्या, जेपेगमध्ये सपाट रंगांच्या कडा मळकट होतात. पडद्यावरचा भडक लाल कागदावर थोडा बसतो, म्हणून आधी एक छोटी प्रत काढून पाहावी.

हा तक्ता पाहुण्यांना माहिती देण्यापुरता. किनाऱ्यावर कोणता झेंडा लावायचा ते जीवरक्षकांनी ठरवायचं आणि त्यांचाच शब्द शेवटचा. आणि तळाशी एक पांढरा आयत मोकळा ठेवा. त्यात ठळक आकड्यांत दोन क्रमांक लिहा: ११२, कोणत्याही आणीबाणीसाठी, आणि १५५४, समुद्रातल्या संकटासाठी भारतीय तटरक्षक दलाचा.