वादकांची नावं

आम्ही गोंदियातले चार मित्र जमलो, की प्रत्येकानं एक आवडतं गाणं ऐकवायचं आणि त्यामागची एक गोष्ट सांगायची, असा आमचा रिवाज आहे. झाडीपट्टीची नाटकं पाहत वाढलेल्या या मंडळींना फंक समजावणं सोपं गेलं. तबल्यात जशी सम, तसा फंकमध्ये पहिला ठोका. जेम्स ब्राऊननं १९६०च्या दशकात त्यावरच सारा भर दिला. त्याच्या 'फंकी ड्रमर' (१९७०) मधला क्लाइड स्टबलफिल्डचा काही सेकंदांचा ठेका पुढे शेकडो हिप-हॉप गाण्यांत उचलला गेला. त्याबद्दलचं मानधन मात्र २०१७ साली मरेपर्यंत त्याच्या हाती फारसं पडलं नाही.

आपल्याकडे काय वेगळं होतं? जुन्या हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत वादकांना क्वचितच जागा मिळे. 'दम मारो दम' (१९७१) सगळ्यांना पाठ. त्यातली गिटार भूपिंदर सिंग यांची, हे थोड्यांनाच ठाऊक. 'अमर अकबर अँथनी'तल्या (१९७७) गाण्यातलं अँथनी गोन्साल्विस हे नाव संगीतकार प्यारेलाल यांच्या व्हायोलिनच्या गुरूंचं.

गाणं ऐकवताना वाजवणाऱ्याचं नावही जरूर सांगा. पडद्यावर न आलेली नावं अशा गप्पांतूनच टिकतात.